बेगमची धाव

सोलापुरात त्या काळी पीरसाब दरवेश्याला न ओळखणारं घर शोधावंच लागलं असतं. उंच, सडसडीत माणूस, मेंदीनं रंगवलेली दाढी, अंगात हिरवा अंगरखा आणि शेजारी बेगम. बेगम म्हणजे त्याचं अस्वल. बाकीचे दरवेशी अस्वलाला दोरीनं ओढत पुढं चालत. हा तिच्या बरोबरीनं चालायचा, आणि दोरी हातात असली तरी सैल लोंबत असायची. गल्लीत डफ वाजला की बाया पोरं काखेला मारून उंबऱ्यावर येत. झोपेत दचकणाऱ्या पोराला बेगमच्या पाठीवर बसवलं की त्याची भीती जाते, असा सगळ्यांचा विश्वास होता. पोर रडत चढायचं आणि हसत उतरायचं. मग पीरसाब म्हणायचा, "बेगम, बाईला सलाम कर," आणि ती मागच्या पायांवर उभी राहून पंजा कपाळाला लावायची.

ही हकिकत मला गुलबानोबीनं सांगितली. ती पीरसाबची एकुलती एक लेक. उतारवयात ती कुर्डुवाडीला आमच्या शेजारी राहायची. त्यांच्या घरात दखनी बोलत, पण मला तिनं सगळं मराठीतच सांगितलं, तसंच मीही सांगतोय.

बेगमला पीरसाबनं आणली तेव्हा ती कुत्र्याच्या पिल्लाएवढी होती. गुलबानोही लहानच. कापडाची वात दुधात बुडवून ती बेगमला चोखायला द्यायची. दोघी एका गोधडीत झोपायच्या. पीरसाबची बायको मुमताज थट्टेनं म्हणायची, "ह्या घरात बेगम ती, मी आपली बांदी." विजापूर रस्त्याच्या कडेला त्यांची झोपडी होती, आणि भाकरीची वेळ झाली की पीरसाब दारात उभा राहून जर्मनची परात काठीनं वाजवायचा. मग बेगम जिथं असेल तिथून धावत सुटायची. मान डावीकडे कललेली, खालचा ओठ लोंबता, केस पिंजारलेले, सगळं अंग हेलकावे खात. नवख्या माणसाला वाटावं, आता ही चिरडणार. ती परातीपाशी येऊन धपकन बसायची आणि भाकरी चुरायची वाट बघायची.

सिनेमा तेव्हा मुका होता. वीरभद्रप्पा नावाच्या गृहस्थाचं गावात एक थेटर होतं. एक दिवस त्यानं पीरसाबला बोलावून घेतलं.

"पीरसाब, पुण्याकडची एक कंपनी जंगलाचा सिनेमा काढतीय. त्यांना अस्वल पायजे. मी तुझं नाव घातलंय."

"माजं न्हवं आप्पा, बेगमचं घाला," पीरसाब हसत म्हणाला.

पण घरी येईस्तोवर त्यानं वाटेत भेटेल त्याला सांगितलं होतं की बेगम सिनेमात जाणार. गुलबानो म्हणायची, अब्बा इतके खूश झालेले मी आधी कधी बघितले नव्हते. दुसऱ्याच्या अंगणात उभं राहून सलाम करण्यात ज्याचा जन्म गेला, त्या माणसाला पहिल्यांदाच कुणीतरी बोलावून घेतलं होतं.

सोलापूरच्या आसपास जंगल कुठलं? कंपनीनं येडशीची झाडी निवडली होती. पीरसाब बेगमला घेऊन तुळजापूरवरून चालत गेला. तिथं राहुट्या ठोकल्या होत्या. डायरेक्टरला सगळे मास्तर म्हणत. सिनेमाची गोष्ट अशी होती की, औषधी मुळ्या शोधायला गेलेला एक वैद्य जंगलातून परत येत नाही. मग त्याची पोरं, दोन भाऊ आणि एक बहीण, आईची नजर चुकवून त्याला शोधायला निघतात. नदी ओलांडतात, गुहेत मुक्काम करतात, वेलीला लोंबकळून दरी पार करतात, आणि शेवटी एक अस्वल त्यांच्या अंगावर येतं. थोरला भाऊ भाला घेऊन त्याच्याशी लढतो. ते काम हिंदुराव नावाच्या मुलाकडे होतं. असेल पंधरा-सोळा वर्षांचा, तालमीतला, अंगानं भरलेला, पण अजून मिसरूडही फुटलं नव्हतं.

पहिल्या दिवशी सगळा घोटाळा झाला. मास्तरांनी इशारा केला, कॅमेऱ्याची मूठ फिरायला लागली. एवढी माणसं समोर बघून बेगम उभी राहिली आणि तिनं कॅमेऱ्याला सलाम केला. लोक पोट धरून हसले. हिंदुरावनं भाला उगारला. काठी उगारली की नाचायचं एवढंच तिला ठाऊक, ती गिरक्या घेऊन नाचायला लागली.

"अरे, अस्वल आहे का भिक्षुक?" मास्तर ओरडले. "दरवेशी, मला वाटलं तू जनावर बाळगतोस. तू तर मांजर पाळलंयस!"

पुन्हा सगळे हसले. पीरसाबही हसला, पण ते हसणं त्याच्या तोंडावर तसंच राहून गेलं. उतरवायचं कसं ते त्याला कळेना.

संध्याकाळी मास्तरांनी त्याला राहुटीत बोलावलं. "आता तिला खायला घालू नकोस. पोटात आग पडली म्हणजे जात दाखवील."

"मास्तर, उपाशी ठेवायची आमच्यात रीत न्हाय. माज्या हातचं खाती ती."

"मग उद्या गाशा गुंडाळ. अस्वलं काय, पुष्कळ मिळतील."

पीरसाब बाहेर आला. सोलापूरला परत जायचं, वीरभद्रप्पाला सांगायचं की अस्वल पसंत पडलं नाही. वाटेत ज्याला ज्याला सांगून आलो तो विचारणार. आणि ते मांजर म्हटलेलं त्याच्या मनातून जाईना. एवढंच होतं. त्याच्या पोटावर पाय आला नव्हता, कुणी जुलूम केला नव्हता. पुढं त्यानं स्वतःच लेकीला हे सांगितलं. "मला कुणी भाग पाडलं न्हवतं, बेटा. मला सिनेमात राहायचं होतं."

तो परत आत गेला आणि बरं म्हणाला.

त्या रात्री त्यानं परात वाजवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बेगम बांधल्या झाडाभोवती फिरत राहिली, बारीक आवाजात कण्हत राहिली. दुपारी तिला झाडाच्या बुंध्याशी वारूळ सापडलं. नाक खुपसून ती वाळवी ओढून खायला लागली, तर कंपनीचा एक माणूस म्हणाला, "अहो, ती खातेय की!" पीरसाबनं उठून तिला सोडली आणि उघड्या खडकावर नेऊन बांधली. तेही त्यानंच केलं. झोपताना एरवी तो तिच्या अंगाला टेकून झोपायचा. त्या दोन्ही रात्री लांब, राहुटीच्या मागं पडून राहिला.

मग चित्रणाची वेळ आली. पडद्यावर दोरी दिसायला नको म्हणून मास्तरांनी वेसणीची दोरी काढायला लावली. पीरसाबनं दोरी काढली. पिल्लू होती तेव्हापासून बेगम पहिल्यांदाच रानात मोकळी उभी होती. तिच्या मागं सगळा डोंगर पसरला होता. करवंदीच्या जाळ्या, आंबटगोड वास सुटलेला, पलीकडं दाट झाडी. धरायला कुणी धजलं नसतं. परात वाजली की ती पळत येते हे पीरसाबकडूनच कळलं होतं, म्हणून त्याला कॅमेऱ्याच्या मागं परात घेऊन उभं केलं होतं. त्याच्या मनात आलं, जाईल ही आता. जावं, असंही त्याला क्षणभर वाटलं. मग मास्तरांनी हात हलवला आणि त्यानं परात वाजवली.

बेगमनं मान वळवली आणि ती धावत निघाली. डोंगराकडं नाही, परातीकडं.

मधे हिंदुराव उभा होता. पोर घाबरलं. हातातला भाला लाकडी होता, टोकाला चंदेरी कागद चिकटवलेला. त्यानं डोळे मिटून तो फिरवला आणि भाला बेगमच्या नाकाडावर बसला, नेमका वेसणीच्या भोकाशी. रक्त आलं. ती त्याला वळसा घालून तशीच पीरसाबपाशी आली आणि धपकन बसली.

"झकास!" मास्तर म्हणाले. "पण फार लवकर संपलं. परात उचल. पुन्हा घेऊ."

पीरसाबनं तिच्या तोंडासमोरची परात उचलली. पुन्हा तिला लांब नेली, पुन्हा वाजवली, पुन्हा ती आली. ऊन कलेपर्यंत तेच चाललं. पुढं पुढं तिचे पाय अडखळायला लागले. शेवटी हिंदुरावनं भाला खाली टाकला. तो रडत होता.

"मास्तर, मी नाही मारणार आता. ती काही करत नाही हो."

सगळे पीरसाबकडं बघायला लागले. जनावर त्याचं होतं. तो नको म्हणाला असता तर तिथंच थांबलं असतं. पीरसाब म्हणाला, "मार, बाळा. तिला काय होत न्हाय."

सगळं उरकल्यावर त्यानं परात तिच्यापुढं ठेवली. तिनं भाकरी खाल्ली, परात चाटली आणि रोजच्यासारखा त्याचा हातही चाटला.

घरी आल्यावर मुमताजनं विचारलं, "हिच्या नाकाला काय झालं?"

"करवंदीच्या जाळीत घुसली," तो म्हणाला.

गुलबानोनं हळद आणि तेल लावून ती जखम बरी केली. रोज लावताना ती बेगमला रागवायची, "कशाला घुसलीस गं काट्यात? अक्कल हाय का तुला?" पीरसाब तेव्हा बाहेर जाऊन बसायचा.

सिनेमा काही महिन्यांनी सोलापुरात लागला. वीरभद्रप्पानं पीरसाबला पहिल्याच खेळाचं आवतण दिलं आणि पुढं खुर्ची मांडली. मुमताज आणि गुलबानो बायकांच्या बाजूला, मधल्या कनातीआड बसल्या. पडद्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचून दाखवणारा एक माणूस होता, पेटी आणि तबला होता. लोक रंगून गेले. पोरं नदीत उतरली तेव्हा बाया "अगं बाई" करत होत्या. गुहेत धाकटी बहीण आईच्या आठवणीनं रडली तेव्हा सगळं थेटर नाक ओढत होतं. पीरसाबलाही सिनेमा आवडला होता. तो सांगायचा की थोडा वेळ मी विसरून गेलो होतो, पुढं काय येणार आहे ते.

मग झाडीतून बेगम आली.

पेटी थांबली, नुसता तबला घुमायला लागला. पडद्यावर ती सरळ समोर धावत येत होती, थेट लोकांच्या अंगावर. मान कललेली, ओठ लोंबता, केस पिंजारलेले. बाया किंचाळल्या. पुढचे लोक खुर्च्या सरकवून मागं झाले. परातीचा आवाज सिनेमात नव्हता, आणि पीरसाब कॅमेऱ्याच्या मागं होता, त्यामुळं तोही नव्हता. लोकांना दिसत होतं ते पिसाळलेलं जनावर. तिचे डोळे मात्र त्याला शोधत होते, आणि ते डोळे पडद्याभर मोठे झालेले. सगळं थेटर ओरडायला लागलं, "मार! मार त्याला!" हिंदुरावचा भाला बसला आणि टाळ्या, शिट्ट्या यांनी छप्पर दणाणलं.

पीरसाबनं मान खाली घातली. शेजारच्या माणसानं त्याच्या पाठीवर थाप मारली. "काय जनावर हाय रं! बघून घाम फुटला."

खेळ सुटल्यावर दारातच वीरभद्रप्पानं त्याला हार घातला. भोवती गर्दी जमली. तेवढ्यात बायकांच्या दारातून गुलबानो आली आणि गर्दीतून वाट काढत बापासमोर उभी राहिली.

"अब्बा," ती म्हणाली, "बेगम भुकेली होती का?"

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "व्हय तर, पोराला खायाला निगाली हुती की!"

ती हसली नाही. तिनं पुन्हा विचारलं, "तुम्ही परात वाजवत होता ना?"

पीरसाबनं गळ्यातला हार सारखा केला. "न्हाय बेटा," तो म्हणाला. "ते खोटं असतं सगळं. सिनेमा हाय तो."

मुमताज मागं उभी होती. घरी गेल्यावर तिनं आधी बेगमपुढं भाकरी ठेवली, मग गुलबानोला वाढलं, आणि नवऱ्याचं ताट झाकून ठेवून दिलं. गुलबानो भिंतीकडं तोंड करून निजली. बापानं हाक मारली, तशी तिनं गोधडी डोक्यावर ओढून घेतली.

पुढं जे झालं ते पीरसाबच्या ध्यानीमनी नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात तो नेहमीच्या गल्ल्यांत गेला. डफ वाजवला. दारं उघडली, पण बाया बाहेर येईनात. सोजरबाई नावाच्या एका म्हातारीनं आपली सगळी नातवंडं बेगमच्या पाठीवर बसवली होती. तिनं नव्या नातवाला पदराखाली ओढून घेतलं.

"नगं रं बाबा. सिनेमात बगितलं की आमी."

"ती तशी न्हाय, सोजरबाई. तुमी एवढी वर्सं बगताय."

"मग सिनेमात दिसलं ते काय?"

पीरसाबच्या ओठावर आलं होतं. एकच वाक्य. पण समोर गल्ली जमली होती. तो म्हणाला, "जनावरच हाय शेवटी," आणि पुढं गेला. आपण बेगमबद्दल असं बोललो हे त्याचं त्यालाच खरं वाटेना.

बाया आत राहायला लागल्या आणि पोरं बाहेर यायला लागली. हातात काठ्या घेऊन. त्यांना अस्वलाशी लढायचं होतं. कुणी खडा मारायचं, कुणी ओरडायचं, "ए, अंगावर ये की!" बेगम काठ्या बघून नाचायची, तर पोरं नाराज व्हायची.

वीरभद्रप्पाला मात्र ही गर्दी हवी होती. खेळाच्या आधी बेगमला थेटरच्या फाटकाशी उभं करायचं, असं त्यानं सांगितलं. गल्ल्या बंद झाल्या होत्या, पीरसाब नाही म्हणू शकला नाही. गुलबानो बरोबर गेली, बापासाठी नाही, बेगमसाठी. ती बेगमच्या मानेवर हात ठेवून बसून राहायची.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी गर्दीतला एक धटिंगण पुढं झाला. त्यानं सिनेमातल्यासारखा पवित्रा घेतला आणि हातातली छत्री बेगमच्या नाकाडावर हाणली. बेगम मागं सरली, उभी राहिली आणि तिनं पंजा कपाळाला लावला. तिला वाटलं, सलाम करायचा राहिला म्हणून मारलं.

लोक हसले. गुलबानो ओरडली. आणि पीरसाब एकदम मोठ्यानं बोलायला लागला. डफ वाजवून हाळी देणाऱ्याचा आवाज होता तो, रस्त्याच्या पलीकडं ऐकू गेला.

"ऐका! मी हिला उपाशी ठेवली हुती. म्या, माज्या हातानं. वारूळ खात हुती तर तितनं उठवली. लांब नेऊन परात वाजवली आन् ही भाकरीसाठी पळत आली माज्याकडं. ते पोर मारायला नको म्हनत हुतं. मीच म्हनलं, मार. ही कुनाच्या अंगावर गेली न्हवती. कधीच गेली न्हाय."

मग मागून कुणीतरी विचारलं, "म्हंजे आत खोटंच दाखवत्यात व्हय?" दुसरा म्हणाला, "आरं, पैसं दिलंत, बगून तर घिऊ." तिकिटाची खिडकी उघडली आणि गर्दी तिकडं वळली. वीरभद्रप्पा तावातावानं बाहेर आला. "पीरसाब, धंद्याच्या दारात हे काय बडबडतोस? जा, घरी जा." इतकंच झालं. पीरसाबला वाटलं होतं, लोक थुंकतील, निदान शिव्या देतील. आत तबला सुरू झाला होता.

गुलबानोनं त्याच्या हातातून दोरी घेतली आणि ती बेगमला घेऊन घराकडं निघाली. पीरसाब मागं मागं चालत आला. वाटेत ती एकदा थांबली, तो मागं पडला म्हणून.

त्यानंतर बेगमला खायला घालायचं काम गुलबानोनं घेतलं. तिनं मागितलं नव्हतं, त्यानं सांगितलं नव्हतं. सोजरबाईसारख्या एखाद-दोघी पुन्हा पोरं बसवायला लागल्या, पण पहिल्यासारखं काही झालं नाही. पीरसाबनं डफ खुंटीला टांगला आणि कापसाच्या एका गोदामावर राखणदारी धरली. बेगम झोपडीच्या मागं लिंबाखाली असायची. म्हातारी झाली, दिसेनासं झालं, आणि एका उन्हाळ्यात झोपेतच गेली. खड्डा त्यानं एकट्यानं खणला. मुमताज मदतीला गेली तर तिला बाजूला केलं.

गुलबानोचं लग्न कुर्डुवाडीला ठरलं. मुलाचे वडील हुसेनसाब रेल्वेच्या कारखान्यात होते. बोलणी करायला ते सोलापूरला आले तेव्हा बोलता बोलता खुशीत म्हणाले, "तुमचं अस्वल आमी सिनेमात बगितलंय की. लई नाव हुतं त्याचं."

मुमताजनं डोळ्यांनी खुणावलं. पण पीरसाबनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि सगळं सांगितलं, उपाशी ठेवल्यापासून ते पोराला मार म्हटल्यापर्यंत. सोयरिकीच्या बैठकीत असं कुणी बोलतं का? पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले. आत गुलबानोला वाटलं, मोडलं आता. तिला बापाचा राग आला, लाजही वाटली, आणि पहिल्यांदाच त्याची कीवही आली.

हुसेनसाब बराच वेळ दाढी कुरवाळत राहिले. मग म्हणाले, "हे आमाला सांगायची गरज न्हवती, पीरसाब."

"तुमी चांगलं म्हनला म्हनून सांगावं लागलं," पीरसाब म्हणाला.

सोयरीक मोडली नाही. लग्नाच्या दिवशी तो पंगतीत वाढत राहिला. व्याह्यांनी दोनदा हात धरून बसवायला बघितलं, "आता तुमी बसा," म्हणून. तो बसला नाही. थेटरातून आलेल्या त्या रात्रीपासून घरात तो सगळ्यांच्या मागून जेवायचा. हे गुलबानोच्या लक्षातच आलं नव्हतं. लग्नाच्या गडबडीत आईनं सांगितलं तेव्हा कळलं. सासरच्या माणसांना गाडी गाठायची होती. ती निघाली तेव्हा पीरसाब मांडवात उभा होता, हातात वाढपाची पळी, आणि शेवटची पंगत अजून उठायची होती.